दोरी ओढली आणि बाई आली

इटलीतल्या हॉटेलात खोली कशी घ्यावी, हे विचारायला लोक मला आयर्लंडभरातून फोन करतात. त्यातल्या निम्म्यांना खरं तर एवढंच विचारायचं असतं, की तिथे चहा मिळेल का. मिळत नाही. खोलीत किटली नसते, आणि खाली मागितलात तर कोमट पाण्याच्या कपाशेजारी एक पुडी ठेवून देतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तेवढ्यासाठीच हा लेख उघडलेले वाचक पान उलटून पाककृतींकडे जायला मोकळे.

मी ड्रोहेडाला राहतो. माझी बायको मेधा इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि मी तिच्यामागून बॅगा घेऊन आलेला नवरा. सरकारी कागदांवर माझी जात 'डिपेंडंट' अशी होती. मेधा अजूनही भांडणात तो शब्द वापरते, आणि तोही काय सुंदर उच्चारते! पुण्यात मी लोकांच्या सहली आखून द्यायचो. इथे आल्यावर तेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू केलं, फक्त इटलीपुरतं. माझ्या लेकीच्या मते मात्र मी काहीच सुरू केलेलं नाही. "बाबा, यू डोन्ट हॅव अ बिझनेस. यू हॅव अ ग्रुप चॅट."

तर या ग्रुप चॅटचं काम काय? तिकीट नव्हे, तिकीट हल्ली कुणीही फोनवर काढतं. माझं काम गिऱ्हाईक आणि खोली यांची सोयरीक जमवायचं. हे मी उगीच म्हणत नाही. इटलीत डबल बेडच्या खोलीला 'कामेरा मात्रिमोनियाले' म्हणतात. कामेरा म्हणजे खोली, मात्रिमोनियाले म्हणजे नवरा-बायकोची. पण हे न सांगता मी एकदा डब्लिनच्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांना बुकिंगचा कागद पाठवला. त्यांनी तो वाचला आणि तडक फोन केला. "अहो, खोलीत कॅमेरा? आणि तोही मॅट्रिमोनियल? आम्ही नाही जाणार!" त्यांना शांत करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस डब्लिनहून विमानाने रोमला पोचतो.

तेव्हापासून मी प्रत्येकाला निघण्यापूर्वी एक व्हॉइस नोट पाठवतो. त्यात सगळं असतं. नळावर 'सी' लिहिलं असेल तर तो थंड पाण्याचा नसतो. सी म्हणजे काल्दो, आणि काल्दो म्हणजे गरम. आयर्लंडच्या नळांची सवय असलेला माणूस हमखास भाजून घेतो. कमोडशेजारचं ते दुसरं बुटकं भांडं म्हणजे बिडे, पाण्याने धुवायला. ते पाहून आपल्या लोकांना माहेरी आल्यासारखं वाटतं, पण त्यात मटकी भिजत घालायची नसते. (घातली होती. नावं सांगत नाही, दिवाळीचे दिवस आहेत.) पासपोर्ट काउंटरवर मागतात, तो द्यायचा, घाबरायचं नाही. नाश्ता गोड असतो, रुसायचं नाही. आणि मग दोरी.

दोरीचं जरा नीट सांगायला हवं. आयर्लंडच्या बाथरूममध्ये भिंतीवर बटण नसतं, छतातून दोरी लोंबत असते. दोरी ओढा, दिवा लागतो. दुसरी दोरी ओढा, शॉवरला वीज मिळते. इथे वर्षभर राहिलं की बाथरूममध्ये शिरताच हात आपोआप वर जातो, देवळात घंटेकडे जातो तसा. इटलीतल्या हॉटेलांतही शॉवरशेजारी दोरी असते. पण ती माणूस घसरून पडला तर मदत बोलवायची असते. ओढली की खाली काउंटरवर घंटा वाजते.

मार्च २०२० मध्ये माझ्या धंद्याचं काय झालं असेल ते तुम्हाला माहीत आहे. मेधा सकाळी हॉस्पिटलात जायची आणि मी घरी बसून हॉटेलांना एकच पत्र पुन्हापुन्हा लिहायचो, की आमचे पाहुणे येऊ शकत नाहीत, तुम्ही सगळे बरे आहात ना? बरीच उत्तरं आलीच नाहीत. बोलोन्याच्या एका छोट्या हॉटेलच्या मालकीणबाईंचं मात्र दर वेळी यायचं. लोरेदाना त्यांचं नाव. त्या रिकाम्या जेवणघराचा फोटो पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, खुर्च्या तुमची वाट बघतायत. मी तो मेधाला दाखवायचो. ती मास्कचे वळ पडलेल्या चेहऱ्याने, 'छान'ऐवजी इथे म्हणतात तसं म्हणायची, "ग्रँड. आता भात लाव."

दीड वर्षाने, २०२१च्या जुलैत, लसीचं प्रमाणपत्र दाखवून प्रवास करायला परवानगी मिळाली, आणि पहिला फोन आला तो मेनूथहून. संदीप आणि मंजिरी. संदीप सॉफ्टवेअरवाला, मंजिरी शाळेत शिकवते, दोन मुलं. घरात संदीपची आई, आमच्या काकू. त्या नागपूरच्या. काका गेल्यावर लेकाकडे आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. वर सोनेरी हार्प छापलेला आयरिश पासपोर्टही मिळाला, पण काकूंची बोली नागपूरहून एक फर्लांगही हलली नाही.

फोन मंजिरीचा होता आणि ती गाडीत बसून बोलत होती. गाडी दारातच उभी. त्या काळात मराठी बायका खासगी बोलायला दारातल्या गाडीत जाऊन बसत.

"सुहासदादा, लग्नाला वीस वर्षं झाली. आम्ही दोघंच असे कुठे म्हणून गेलो नाही. लग्नानंतर गेलो ते तिरुपतीला, अख्खं बिऱ्हाड घेऊन. मग मुलं. मग हे दीड वर्ष, यांच्या मीटिंगा डायनिंग टेबलावर, मुलं जिन्यात शाळेत, मी बेडरूममध्ये शिकवतेय. चार दिवस दादा. फक्त चार दिवस."

"बोलोन्याला जा," मी म्हटलं. "माझी ओळख आहे. छान मात्रिमोनियाले..."

"तेच तर! सगळं ठरलं होतं. मुलं मित्रांकडे राहणार होती. आणि काल हे जेवताना म्हणाले, आई पण दीड वर्ष घरातच आहे, तिलाही घेऊ. मी काय बोलणार? मी म्हटलं, हो, घेऊ या ना." तिने गाडीची काच वर घेतली. "दादा, आईंची खोली जरा... लांब मिळेल? मी सांगितलं असं सांगू नका हं."

मी म्हटलं, बघतो.

संध्याकाळी संदीपचा फोन. "सुहास, आईची खोली अगदी आमच्या शेजारी हवी. मधे दार असेल तर उत्तम. ती हॉटेलात एकटी कधी राहिलेली नाही."

मी म्हटलं, बघतो.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. आवाज कोंदट येत होता. त्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात डोकं घालून, टॉवेलच्या घड्या करण्याच्या निमित्ताने बोलत होत्या.

"सुहास, ऐक बावा. मले त्यायच्यापासून दूर खोली दे."

"का हो काकू?"

"काऊन म्हंजे? दीड वर्ष झालं, त्यायचीच तोंडं पाहून राहिली नं मी! संदीप तं दर घंट्याले येऊन विचारते, आई बरी हाय ना, आई बरी हाय ना. बरी नसली तं सांगीन नं! पन त्याले सांगू नोको. त्याले वाईट वाटीन."

मी म्हटलं, बघतो. या धंद्यात हा शब्द नसता तर मी कधीच मेधाच्या पगारावर पूर्णवेळ बसलो असतो.

लोरेदानाबाईंशी बोलून मी मंजिरी-संदीपला तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली आणि काकूंना पहिल्यावर. संदीपला कारण दिलं ते अगदी खरं होतं. जुनी इमारत, लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग एवढंच मावतं, लिफ्ट बंद पडली तर आईंना तीन जिने चढावे लागतील. शिवाय पहिल्या मजल्याचा जिना उतरला की लगेच जेवणघर. त्याने लगेच होकार दिला. माझ्या कारकिर्दीतली ही सर्वांत सुबक सोयरीक. कौतुक करायला मात्र कुणी नव्हतं, कारण तिघांपैकी कुणालाच सांगायची चोरी.

निघताना मंजिरी म्हणाली, "दादा, आईंचं काहीही असलं तर आधी तुम्हालाच फोन करायला हॉटेलला सांगून ठेवते. आईंना काही झालं तर मला लगेच फोन करा. पण 'काही झालं' म्हणजे खरंच झालं तर. एकदा का हे घाबरले, की चारही दिवस आईंच्या उशाशी बसतील. मला माहीत आहे."

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी ते पोचले. दुपारी मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. डावी बाजू झाली होती, उजवी व्हायची होती. फोन वाजला. बोलोन्या.

लोरेदानाबाई धापा टाकत इंग्रजीत सांगत होत्या. पहिल्या मजल्यावरच्या सिन्योरांनी, म्हणजे बाईंनी, मदतीची दोरी ओढली. एकदा नाही, सारखी ओढतायत. मी दारावर धडका मारतेय, त्या उघडत नाहीत. आत पाणी वाहतंय. मुलगा आणि सून आत्ताच फिरायला बाहेर पडले. सूनबाईंचा नंबर आहे माझ्याकडे. लावू?

काकू घसरल्या असतील तर एकेक क्षण मोलाचा. घसरल्या नसतील तर मी एक फोन करून मंजिरीचं वीस वर्षांचं वाट पाहणं पहिल्याच वळणावर संपवणार.

"एक मिनिट," मी म्हटलं. "तुमचा फोन दाराला लावा. आवाज मोठा करा. आणि दुसरी किल्ली आणायला माणूस पाठवा."

मग मी ड्रोहेडाच्या न्हाव्याच्या दुकानात, गळ्याला फडकं बांधलेल्या अवस्थेत, जिवाच्या आकांताने ओरडलो. "काकू! ओ काकू! ऐकू येतंय का?"

नुसतं पाणी. दुकानातली कात्री थांबली.

"काकू!"

"कोन हाय?"

एवढं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

"मी सुहास!"

"तू इकडं काऊन आला?"

"मी आलो नाही, फोनवर आहे!"

"फोन तं माझा इथं खाटेवर हाय."

"दुसऱ्या बाईंच्या फोनवर! दाराबाहेर उभ्या आहेत त्या. काकू, तुम्ही पडलात का?"

"पडीन कायले? आंघोळ करून राहिली. दोरी ओढली तं शॉवरच लागेना. मंग अजून ओढली. मेनूथले बी दोन-चारदा ओढा लागते."

"काकू, ती मदत बोलवायची दोरी आहे. मी व्हॉइस नोटमध्ये सांगितलं होतं."

"ऐकत होती नं. तुया आवाजात झोप मस्त लागते बावा. नळाच्या पुढं काही ऐकलं नाई मी."

"मग नळाचं तरी..."

"त्याचंही अर्धंच. 'सी' सोडला तं उकळतं पानी आलं! बादलीत थंड घालून घालून घेऊन राहिली."

बादली कुठून आली हे मी विचारलं नाही. ती नंतर कळली, कचऱ्याची टोपली होती, धुऊन घेतलेली.

"काकू, नीट आवरा, मग दार उघडा. बाईंना फक्त बघायचंय की तुम्ही बऱ्या आहात."

थोड्या वेळाने कडीचा आवाज आला. मग काकूंचा आवाज, एकदम बदललेला.

"सुहास, या बाईच्या हाताले पीठ हाय. इचार तिले, काय करून राहिली होती."

मी विचारलं. लोरेदानाबाई म्हणाल्या, रात्रीच्या जेवणासाठी गार्गानेल्ली करत होते, घंटा ऐकून तशीच धावले. गार्गानेल्ली म्हणजे कणकेच्या पातळ पोळीचे चौकोनी तुकडे करून, एकेक तुकडा काडीवर गुंडाळून काढलेली नळी. मी काकूंना मराठीत सांगितलं.

"काडीवर?" काकू म्हणाल्या.

"काडीवर."

"अन् मंग काडी काढून घ्याची?"

"हो."

"अवं माय! सरगुंडे!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, विदर्भात उन्हाळ्यात गव्हाची कणीक काडीला गुंडाळून त्याच्या नळ्या करतात, वाळवतात, शिजवतात आणि आमरसाशी नाहीतर दूध-साखरेशी खातात. काकूंनी ते काका गेल्यापासून केले नव्हते. मेनूथच्या थंडीत ते वाळवायचे कुठे, आणि खाणार कोण?

"सुहास," काकू म्हणाल्या, "इले सांग, मले दाखव म्हनाव. अन् एक ऐक. संदीपले हे काहीच सांगू नोको. दोरी नाई, घंटा नाई. तो माझ्या उशाशी बसून राहीन, अन् ती पोरगी बिचारी खिडकीतून बाहेर पाहीन. दीड वर्षात तिचं तोंड मी नाई पाह्यलं काय?"

म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं.

मी फोन ठेवला. न्हाव्याने विचारलं, "इज शी ऑल राइट?"

"शी इज ग्रँड," मी म्हटलं. मग दोन वाक्यांत काय घडलं ते सांगितलं. लगेच बाकावरच्या पुढच्या गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगत होतं, की 'युअर मॅन'ची, म्हणजे या गड्याची, काकू इटलीत आंघोळ करतेय आणि तो इथून तिला नळ समजावतोय. उजवी बाजू कापताना न्हाव्याचा हात हसण्याने हलत होता. पुढचे पंधरा दिवस माझं डोकं त्याची साक्ष देत होतं.

पुढचे दोन दिवस मला बोलोन्याहून दोन प्रकारच्या बातम्या येत राहिल्या. संदीपकडून काळजीच्या. "सुहास, आई म्हणते पाय दुखतायत, तुम्ही जा. दिवसभर खोलीतच असते. तिच्यासाठी एखादी गाडी, गाइड, काहीतरी बघ ना!" मी म्हटलं, बघतो. आणि लोरेदानाबाईंकडून फोटो. काकू मास्क लावून बाजारात, पायात मंजिरीचे जुने धावायचे बूट, हातात पालकाची जुडी. काकू कमानींखालून चालताना. काकू ओट्यापाशी, नऊवारीवर एप्रन, काडी तर्जनीसारखी रोखलेली, आणि समोर लोरेदानाबाईंच्या चेहऱ्यावर भूकंप.

भूकंपाचं कारण कळलं ते बाईंच्या फोनवरून. मला त्यांनी पंच नेमलं होतं. लोरेदानाबाईंच्या कणकेत अंडं. काकूंच्या मते सरगुंड्यात अंडं घालणं म्हणजे अक्कल गहाण टाकणं. मग काकूंनी आपला वेगळा घाणा केला, नुसता रवा आणि पाणी. इथवर बाई गप्प होत्या. पण काकूंनी शिजवलेल्या नळ्यांवर दूध ओतलं आणि साखर घातली, तेव्हा त्यांना खुर्ची लागली.

"त्सुक्केरो!" त्या मला फोनवर म्हणाल्या. "पास्त्यावर साखर! माझी आई असती तर पोलिसांना बोलावलं असतं."

"काय म्हनून राहिली?" मागून काकू.

"आवडलं म्हणतायत," मी म्हटलं. त्या आठवड्यात माझ्या प्रामाणिकपणाची अवस्था तशीही फार नाजूक होती.

मग शेवटची रात्र. जेवणाच्या वेळी संदीप-मंजिरी खाली आले तर आईचं टेबल रिकामं. संदीप तडक जिन्याकडे निघाला. लोरेदानाबाईंनी त्याला खांदे धरून खुर्चीत बसवलं आणि समोर एक वाडगा ठेवला. पुढचं मला मंजिरीने सांगितलं. त्याने एक चमचा तोंडात घातला आणि चघळायचा थांबला. चेहरा असा झाला की मंजिरीला वाटलं दाढ दुखली.

"हे... हे आईच्या हातचं आहे," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू आल्या, केसांना जाळी, एप्रनला हात पुसत.

"आई! तुझे पाय दुखत होते ना?"

"पाय दुखून राहिले होते," काकू म्हणाल्या. "हात नाई."

मग दोरीपासून सगळं बाहेर आलं. संदीपने मला मेसेज केला, त्यात तीन वेळा 'तू' आणि एकदाही 'आभारी' नव्हतं. त्यानंतर तासाभराने दुसरा आला. त्यात नुसता त्या वाडग्याचा फोटो होता, रिकामा.

ते परत आल्यावर मंजिरीचा फोन आला. या वेळी गाडीतून नाही, घरातून, मागे मुलांचा दंगा आणि भांड्यांचे आवाज. पहिल्या दुपारची गोष्ट तिने तेव्हा सांगितली. हॉटेलातून निघून ते कमानींखालून चालत राहिले आणि एका चर्चच्या पायऱ्यांवर बसले. मुलांचं बोलून झालं, आईंचं बोलून झालं, घराच्या हप्त्याचंही झालं.

"मग यांनी विचारलं," ती म्हणाली, "मंजिरी, तुला आता काय काय आवडतं गं?"

"मग? काय सांगितलंत?"

"काय सांगणार दादा? तेच आठवण्यात दोन दिवस गेले." ती हसत होती. "तिसऱ्या दिवशी कुठे यादी सुरू झाली, आणि चौथ्या दिवशी विमान!"

मागून काकूंचा आवाज आला. "काय विचारून राहिला तो? सांग त्याले, पुढच्या खेपेले दोघायचंच बुकिंग कर म्हनाव. अन् आठ दिवसाचं कर. मी पोट्ट्यायले पाहून घेईन."

"आणि तुम्ही काकू?" मी विचारलं. "तुम्हाला नाही जायचं?"

"मी कायले यायच्या मधात जाऊ? लोरेदाना नाताळाले येऊन राहिली न माझ्याकडं. तिले शॉवरची दोरी शिकवाची हाय."